‘वाचलो’ या शब्दाने उलगडलेली भीती

सोलापुरात मी चिंताविकारांवर मानसोपचार करते. गेल्या वर्षी पूर्व भागातील एक विणकर माझ्याकडे आले. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागातून सुटलेला धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग, त्यांच्या भुवईला लागला होता. जखम पंधरा दिवसांत भरली, मालकांनी मागांना जाळ्याही बसवल्या, परंतु मागांची खडखड कानी पडताच त्यांचे हात गार पडत.

भीतीला सामोरे गेले की ती हळूहळू ओसरते, हा आमच्या उपचाराचा पाया. आणि हे गृहस्थ तर माझ्या सांगण्यावरून दोन महिने रोज कारखान्यात जाऊन उभे राहत होते. तरी भीती तसूभर हलली नव्हती, म्हणून मी स्वतः त्यांच्याबरोबर गेले. ते दारालगत थांबले, डावा तळवा डोळ्यावर आडवा धरला आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन घाम पुसत म्हणाले, "आजचा दिवस वाचलो, मॅडम."

माझे काय चुकले, ते त्या एका शब्दाने उमगले. मेंदू जुनी भीती पुसून टाकत नाही. ‘येथे काही होत नाही’ ही नवी आठवण तिच्या शेजारी तयार व्हावी लागते, आणि त्यासाठी मनाने धरलेली अपेक्षा खोटी ठरल्याचे जाणवावे लागते. चिंताग्रस्त मन ही जाणीवच होऊ देत नाही, कारण धोटा सुटला नाही याचे श्रेय ते आडव्या हाताला, दाराला किंवा नशिबाला देऊन मोकळे होते. साठ दिवस ते सुखरूप परतले होते, पण त्यांच्या हिशेबी ती साठ संकटे होती.

मी विचारले, "आत गेल्यावर नेमके काय होईल?" ते म्हणाले, "अर्ध्या तासात धोटा सुटणार." मी ते कागदावर लिहून घेतले आणि आम्ही पुन्हा आत गेलो. थोड्या वेळाने एका मागावर धागा तुटला. माग थांबला, आणि सवयीने ते पुढे झाले. धागा जोडायला दोन्ही हात लागतात. तळवा डोळ्यावरून कधी उतरला, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. माग पुन्हा सुरू झाला तेव्हा ते दचकले, पण जागेवरून हलले नाहीत. चाळीस मिनिटांनी कागद वाचून म्हणाले, "सुटला नाही."

तीन आठवड्यांनी दुसऱ्या कारखान्यात त्यांचा हात पुन्हा भुवईकडे गेला. नव्या जागी जुनी भीती डोके वर काढतेच. त्यांनी स्वतःच खिशातून कागद काढला आणि माझ्याकडे पेन मागितले.