कर्णा

गणपती जाऊन आठवडा झाला तरी विसर्जनाची एक पिपाणी आमच्या सोसायटीत मागे राहिली आहे. पितृपक्षातली दुपार, पोटात आमटी-भात, डोळा लागतोय न लागतोय तोच खालून ती सुरू होते. एकच सूर, तोही मधेच फाटणारा. कुणाचं कार्टं आहे ते बघायला गॅलरीत गेलो आणि ओरडायचं राहूनच गेलं. तो फाटका सूर ओळखीचा निघाला.

अलिबागला आजोळ. इस्राएल आळी हाकेच्या अंतरावर. तिथल्या सिनेगॉगला आजी सरळ मशीदच म्हणायची, आळीतले जुने लोकही तेच म्हणत. ज्यूंचं पंचांगही चांद्र आणि अधिक महिना धरणारं, त्यामुळे बहुतेक वर्षी त्यांचा नव्याचा सण आणि आपली घटस्थापना एकमेकांना चिकटून येतात. आजी परडीत माती पसरत असायची आणि तिकडून शोफार वाजायचा. मला तो आधी रेवसच्या लाँचचा भोंगाच वाटला होता. आजीचा हात मातीतच थांबायचा. "लागलं बघ त्यांचं वर्ष," म्हणायची आणि सूर संपेपर्यंत धान्य पेरायची नाही. दुपारी शेजारच्या मावशी चिकाचा हलवा घेऊन यायच्या. नारळाच्या दुधातला, गुलाबी, शंकरपाळ्यासारखा कापलेला. दाताला असा चिकटायचा की तासभर धड बोलता येत नसे.

शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. अब्राहाम पोराचा बळी द्यायला निघाला, तेव्हा झुडपात शिंगं अडकलेला मेंढा त्याला सापडला आणि पोरगं वाचलं, ती आठवण. गाईचं शिंग चालत नाही. पूर्वजांनी सोन्याचं वासरू करून पुजल्याचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. या सणाला देवाकडे माफी मागायला जाताना तोच पुरावा हातात कशाला न्या? शिंगाला चीर गेली आणि ती डिंकाने सांधली, तर तेही बाद. असले बारीकसारीक नियम मिश्नेत, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, आहेत आणि मला ते भारी आवडतात. आडात वाजवला आणि बाहेरच्याला शोफार ऐकू न येता नुसता प्रतिध्वनीच ऐकू आला, तर त्याने शोफार ऐकला असं धरत नाहीत. ज्याचं घर सिनेगॉगला लागून आहे त्याच्या कानावर सूर पडला, तर त्याने मन लावलं होतं का एवढंच बघायचं. लावलं असेल तर त्याचं कर्तव्य पार पडलं, नाहीतर नाही. नियम ज्यूंसाठी, आजीचा त्याच्याशी काय संबंध! पण अट तिने दरवर्षी पाळली.

ख्रिस्ती कर्ण्याची गाठ फार नंतर पडली, रद्दीतल्या एका मराठी बायबलात. येशूचा प्रेषित पौल म्हणतो, शेवटचा कर्णा वाजेल आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मेलेले उठतील. तिथवर ठीक. पण प्रकटीकरणात, म्हणजे योहानाने लिहिलेल्या बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, सात देवदूत सात कर्णे घेऊन उभे राहतात आणि अपूर्णांकांचा तास सुरू होतो. पृथ्वीचा तिसरा हिस्सा जळाला, समुद्राचा तिसरा हिस्सा रक्त झाला, जहाजांचा तिसरा हिस्सा बुडाला, नद्यांचा तिसरा हिस्सा कडू झाला, सूर्याचाही तिसरा हिस्सा काळवंडला. हिशेब इतका चोख की कुणीतरी शेजारी वही घेऊन बसलं असावं. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते कर्णे वाजण्याआधीचं वाक्य: स्वर्गात सुमारे अर्धा तास निःशब्दता होती. सुमारे! जग बुडायला निघालंय आणि योहान घड्याळाशी प्रामाणिक.

पुढे शहाण्यासुरत्या माणसांनी या कर्ण्यांना आपापले शत्रू जोडले. पहिल्यांत रोमवर चालून आलेले गॉथ बसवले, पाचव्यातले टोळ म्हणजे अरब, सहाव्यातले घोडेस्वार म्हणजे तुर्क. यात न्यूटनही होता. त्याचा या विषयावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1733 मध्ये छापला गेला. एवढा मोठा मेंदू आणि एवढी दुपार वाया!

शोफार कसा वाजवायचा यावर ज्यूंचंही एकमत नव्हतंच. एक लांब सरळ सूर असतो, त्याबद्दल वाद नाही. मधला सूर तुटका हवा हे नक्की, पण किती तुटका? कण्हल्यासारखे तीन, की हुंदक्यांसारखे बारीक बारीक बरेच? इ.स. 300च्या सुमारास कैसरियाचे ज्यू धर्मगुरू रब्बी अब्बाहू यांनी त्यावर तोड काढली: आधी कण्हा, मग हुंदके द्या, दोन्ही करा. घरातून निघताना कुलूप ओढून बघणारा, चार पायऱ्या उतरून परत वर येऊन पुन्हा ओढून बघणारा मी माणूस आहे. बायको यावर जे बोलते ते बोलते, पण अब्बाहूंनी मला समजून घेतलं असतं. त्यांच्या त्या तोडग्यात भर पडत पडत आज सणाच्या सकाळी शंभर सूर वाजवतात. शनिवार आला तर एकही नाही.

शिंग काही जात्याच गरीब नाही. बायबलात इस्राएल लोकांनी यरीहो शहराभोवती हीच मेंढ्याची शिंगं सात दिवस फिरवली, तट कोसळला आणि आत त्यांच्या हेरांना लपवणारी राहाब नि तिच्या घरच्यांखेरीज म्हातारं, पोर, बैल, गाढव काही जिवंत ठेवलं नाही. म्हणूनच हुंदक्याचा नमुना तालमूदने, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेच्या ग्रंथाने, कुठून घेतला ते वाचून मी चरकलो. सीसरा हा इस्राएलचा वैरी. झोपेत असताना एका बाईने त्याच्या कानशिलात तंबूची मेख ठोकली. इकडे त्याची आई खिडकीशी उभी, रथ अजून का येत नाही म्हणून रडतेय. शोफाराचा तुटका सूर त्या रडण्यावरून ठरवला आहे. बरं, बाई काही साधी नव्हे. तिच्या शहाण्या सख्या समजूत घालतात की लूट वाटत बसले असतील, दर माणशी एक-दोन पोरी. आणि तीही स्वतःशी तेच घोकत राहते. दुसऱ्यांच्या पोरी वाटल्या जाताहेत या विचाराने जिला धीर येतो, नेमकी तीच बाई मोजमापाला घेतली.