मग तुला काय फरक पडतो?

मावशी फोनवर सहज म्हणाली, "अगं, तू सोडलंयस ना सगळं? मग त्या पोथ्यांचं काही का होईना, तुला काय फरक पडतो?" टोमणा नसावा. पण दुपारपासून डोक्यात तेच घोळतंय.

पडतो, एवढं तर दिसतंय. नाहीतर सुतळीने गठ्ठा बांधून केव्हाच मोकळी झाले असते. देव नाही हे ठरवताना झाला नाही तेवढा त्रास घरातल्या जुन्या पोथ्यांच्या या पेटीचा होतोय. आणि पेटी माझ्याकडेच का? दादाला विचारलं नाही, विचारणारही नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, जिची नाही तिच्या घराला माळा आहे. असो.

रडगाणं पुरे. आधी निवड.

अशा पेटीत सगळा माल एका जातीचा नसतो, आणि सगळ्याला एकच नियम लावला की घोटाळा होतो. सुट्या पानांच्या पोथ्या पहिल्यांदा बाजूला काढायच्या. शिळाप्रेसची पोथी वरवर पाहता हस्तलिखितच वाटते, कारण तीही लेखनिकाने हाताने लिहून मग दगडावर उतरवलेली. फरक शाईत कळतो. बोरू नुकता बुडवलेला असला की अक्षर गडद, शाई संपत आली की फिकं; छापलेल्या पानावर काळेपणा सगळीकडे सारखा. मग शेवटचं पान बघायचं. छापील असेल तर तिथे किंवा मुखपृष्ठावर बहुधा छापखान्याचं नाव आणि शक सापडतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, आणि तिथी पौषाच्या मध्यानंतरची असेल तर ७९. शके १७९८ म्हणजे १८७६-७७. मात्र शिळाप्रेसवर ज्ञानेश्वरी १८४५ सालीच निघालेली आहे, तेव्हा नुसत्या जुनेपणाने हुरळून जाऊ नये.

हस्तलिखितात चूक दुरुस्त केलेल्या जागी पिवळा लेप दिसतो. तो हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं संयुग. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्यांनी इथे हात आवरावा, आणि काम झाल्यावर साबणाने धुवावा.

हस्तलिखित असेल तर प्रश्न श्रद्धेचा उरतच नाही, ते जपायचं. पुण्यात भांडारकर संस्था आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. रामदासी काही असेल तर धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर. पण पिशवी उचलून थेट दारात जायचं नाही. आधी यादी पाठवायची: ग्रंथाचं नाव, शेवटच्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा, एकूण पानं, कोणती गहाळ आहेत, पानाची लांबी-रुंदी, दोन-तीन फोटो. कसर लागलेली पोथी दुसऱ्याच्या संग्रहात पाठवणं म्हणजे किडे दान करणं. त्यासाठी पोथी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायची, उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. घाईने उघडली तर हवेतली वाफ गार कागदावर धरते आणि बुरशीला आयतं आमंत्रण मिळतं. वेखंडाची पुरचुंडी नवे किडे लांब ठेवायला ठीक, आत बसलेले त्याने मरत नाहीत. पोथी गुंडाळायचं लाल बासन ओलं झालं तर रंग सोडतं, म्हणून दमट हवेत पोथी त्यातून काढून ठेवावी. आणि सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको.

आता छापील पारायणाच्या पोथ्या. खरी अडचण यांची. बाजारात आजही मिळतात, ग्रंथालयांना नको असतात, आणि घरात वापरल्या गेल्या त्या याच.

शिवलीलामृत उघडलं की अकरावा अध्याय आपोआप समोर येतो. तिथली पानं तुपाच्या बोटांनी पारदर्शक झालेली, बाकीचे अध्याय कोरे करकरीत. गुरुचरित्रात चौदावा आणि अठरावा मळलेला. शिवाय ९, २१, २९, ३५, ३८ आणि ४३ या अध्यायांच्या शेवटी कोपरे दुमडलेले, म्हणजे सात दिवसांच्या पारायणाचे, सप्ताहाचे, मुक्काम. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये म्हणतात. त्रेचाळिसाव्याच्या समासात हळदीचं बोट उठलंय, ते पुरुषाचं नाही.

हे बघून काय वाटलं ते लिहायला बसले होते, पण नको.

काय फरक पडतो? श्रद्धा नाही म्हटल्यावर उरतो तो कागद, आणि कागदाची परीक्षा सोपी आहे. एका पानाचा कोपरा एकदा इकडे, एकदा तिकडे दुमडायचा. तुटला तर ती प्रत पारायणाला कुणालाही देऊ नये, महिन्याभरात पानं गळतील. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यात तुरटीची प्रक्रिया. त्यातलं आम्लच तंतू खातं, आणि त्यावर घरगुती उपाय नाही. कोपरा टिकला, पानं पूर्ण असली, टाईप मोठा असला, तर वाचणारं कुणीतरी निघतं. आधी पानांतली फुलं आणि अक्षता झटकायच्या. अक्षतांना पोरकिडे येतात, फुलांचे डाग पुढच्या पानांवर उतरतात.

पण जे मी मानत नाही ते दुसऱ्याच्या हातात देणं ढोंगीपणा नाही का? संध्याकाळभर हेच चघळलं. मग वाटलं, मोठ्या अक्षरातला हरिपाठ शोधणाऱ्या म्हातारीने माझं मत विचारलेलंच नाही. पिंपळाच्या पारावर गुपचूप ठेवून येणं मात्र मला पटत नाही. श्रद्धा मी सोडायची आणि केर झाडूवालीने उचलायचा, हे कसलं पावित्र्य?

जाळण्याचंही मनात येऊन गेलं. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली ती चारचौघांत, कारण सांगून. परसात जाळलेल्या व्रतकथेतून कुणाला काही कळत नाही, प्लॅस्टिकच्या कव्हराचा धूर तेवढा शेजारी जातो. आणि बाबासाहेबांनी धर्म सोडला तरी राजगृहातल्या संग्रहात धर्मग्रंथ होतेच. असले दाखले शोधतेय म्हणजे मला परवानगी हवीय बहुतेक. कुणाची, ते कळत नाही.

राहिलं चोपड्यांचं: व्रतकथा, आरत्या, गेल्या सालांची पंचांगं. मावशी म्हणते नदीत सोड. कागद पाण्यात विरघळत नाही, नुसते तंतू सुटतात, आणि चकचकीत कव्हरं घाटाच्या पायऱ्यांना चिकटून राहतात. रद्दीत घालायचं तर लॅमिनेटेड कव्हर, पिना आणि पाठीवरची गोंदाची पट्टी काढून द्यावी, कारण वितळलेला गोंद गिरणीत लगद्यात गोळ्या करतो. रद्दी नको असेल तर मधला रस्ता आहे. साध्या कागदाची पानं बोटभर रुंद फाडून बादलीत दोन दिवस भिजवायची, हाताने कुस्करून पिळायची आणि खताच्या खड्ड्यात ओल्या कचऱ्याबरोबर थरांनी घालायची. नुसता लगदा टाकला तर त्याचा पापुद्रा होऊन हवा कोंडते. गुळगुळीत रंगीत पानं यात नकोत.

म्हणजे पाणी आलं, माती आली. मावशीला हे विसर्जनच वाटेल, मला खत मिळेल. बादली धुण्याची नाही ना, एवढं ती नक्की विचारणार. नवीन आणावी लागेल. नास्तिकाने लगद्यासाठी सोवळ्यातली बादली विकत घ्यायची, हे चाललंय माझं.

दासबोध मी ठेवतेय. पुस्तकांच्या कपाटात, कोशांशेजारी. त्याच्या एकोणिसाव्या दशकातला, म्हणजे विभागातला, पहिला समास (इथे प्रकरण) लेखनक्रियेचा आहे, आणि त्यात समर्थ सांगतात की कागदावर भोवती जागा सोडून मधेच लिहावं, कागद झडला तरी अक्षराला धक्का लागू नये. माझ्या प्रतीच्या कडा सगळ्या झडल्यात. ओवी एकही गेलेली नाही. यात देव कुठे आला? चांगला कारागीर आहे माणूस.

गुरुचरित्राचं ठरत नाही. कोपऱ्याच्या परीक्षेत ते नापास झालंय, म्हणजे कुणाला देता येत नाही. मळलेल्या पानांचे फोटो खिडकीच्या उजेडात समासासकट काढून ठेवले. बादलीचा विचार केला, हात धजला नाही, आणि का ते मावशीला सांगता येणार नाही. तूर्त माळ्यावर आहे. तिथे पावसाळ्यात ओल येते, तेव्हा जूनच्या आत काय ते ठरवायला हवं.