नमुना कुठल्या नळीत घेतला?

मावशी आमच्याकडे तपासायला आल्या त्या अल्झायमरचं निदान घेऊनच. मणक्यातल्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये अमायलॉइड बीटा-४२ हे प्रथिन कमी होतं, फॉस्फो-टाऊ हे दुसरं प्रथिन मात्र नॉर्मल. मला खटकलं ते हेच. या आजारात बीटा-४२ मेंदूत साचतं, म्हणून पाण्यात कमी सापडतं. पण विसराळूपणा इतका वाढेपर्यंत टाऊ बहुधा चढलेलं असतं.

लॅबला फोन करून नळीची चौकशी केली. नमुना पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या नळीत घेतला होता, मग दुसरीत ओतला होता. बीटा-४२ काचेला आणि पॉलिस्टायरीनला चिकटतं, आणि प्रत्येक ओतण्यात आणखी थोडं भिंतीवर राहून जातं. म्हणून आम्ही कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या नळीत थेंब थेट पडू देतो, सिरिंजने ओढत नाही. सुरुवातीचे रक्ताळ थेंब वेगळे काढतो. नळी लहान घेतो आणि जवळजवळ भरतो. मोठ्या नळीत तळाशी थोडंसंच पाणी असलं की चिकटायला जागा जास्त मिळते. सोबत बीटा-४० हे त्याचं भावंड प्रथिन मोजतो, कारण तेही चिकटत असल्यामुळे दोघांचं गुणोत्तर बऱ्यापैकी टिकतं. नव्या नमुन्यात हे गुणोत्तर नॉर्मल आलं. एवढी महाग तपासणी, आणि रिपोर्टवर नळीचा उल्लेखसुद्धा नाही, याचा मला राग येतो.

मग औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. मधुमेहाने पायांची आग होते म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन २५ मिलिग्रॅम. विसरण्यासाठी डोनेपेझिल १०. त्यानंतर लघवी सुटायला लागली, तर दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन लिहून दिलं. डोनेपेझिल ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचे निरोप नेणारं रसायन वाढवतं, उरलेली दोन्ही त्याचंच काम अडवतात. सगळ्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचल्याच नव्हत्या.

डोनेपेझिल आणि ऑक्सिब्युटिनिन बंद केलं, अमिट्रिप्टिलिन हळूहळू उतरवलं. लघवी सावरली, रात्रीची बडबड थांबली. बी-१२ आणि थायरॉइड ठीक होते.

तरीही स्मरणाच्या चाचणीत ऐकवलेल्या पाच शब्दांपैकी दोनच आठवतात. "एक फळ होतं," असं सुचवलं की मावशी लगेच "पेरू" म्हणतात, म्हणजे शब्द आत गेलेला असतो. अल्झायमरमध्ये असं सुचवूनही सहसा उपयोग होत नाही. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवणारा भाग, शाबूत आहे, पण आतल्या पांढऱ्या भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचे डाग दिसतात. एवढ्या डागांनी इतकं विसरायला होईल का, यावर माझं आणि आमच्या रेडिओलॉजिस्टचं अजून जमलेलं नाही. सहा महिन्यांनी वेगळे शब्द घेऊन तीच चाचणी पुन्हा करणार आहोत. तोवर मुलाला सांगितलंय, कुणीही नवीन गोळी दिली तर आधी फोन कर.