कमरेखालची थंडी

या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. म्हणजे पहाटे चारला उठून मळ्यात जायचं, मोटर चालू करायची आणि ठिबकचे वॉल्व्ह फिरवत बसायचं. निफाड तालुक्यातल्या माणसाला डिसेंबरातले पहाटेचे चार काय असतात ते सांगावं लागत नाही. इतरांनी थंडीतला कुठलाही पेपर काढून बघावा. ‘निफाड गारठले’ ही बातमी दर साली येते, आतला आकडा तेवढा बदलतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांवर आला की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात, ‘मजा आहे बुवा तुमची!’ त्यांच्या डोळ्यांसमोर आम्ही शेकोटीभोवती हुरडा खात बसलेलो असतो.

शेकोटी पेटवतो आम्ही, खोटं कशाला बोला. पण ती द्राक्षांसाठी. पारा उतरला की मण्यांची फुगवण थांबते आणि पाणी उतरलेल्या, म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागलेल्या बागेत तर मणी तडकतात. म्हणून पहाटे बागेत जागोजाग धूर करायचा आणि विहिरीचं कोमट पाणी ठिबकनं मुळांशी सोडायचं. बाग उबेला राहते. हे सगळं करणारा माणूस मात्र टेरिकॉटच्या पँटीत कुडकुडत उभा असतो.

गेल्या साली अशाच एका पहाटे बॅटरीच्या उजेडात माझं लक्ष दारामागच्या खुंट्यांकडे गेलं. कानटोपी, मफलर, दुसरा मफलर, हाफ स्वेटर, फुल स्वेटर, मेव्हण्यानं दिलेलं जाकीट, कुठल्या तरी सत्कारातली शाल. आणि खाली? एक टेरिकॉट, एक जीन्स. मला एकदम कळलं की आपल्याकडे थंडी कमरेच्या वरच लागते असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. लहानपणी आई ओरडायची, ‘कान झाक, छाती झाक.’ मांड्या झाक असंही घरात म्हणत, पण ते थंडीसाठी नव्हे आणि मुलांना तर नव्हेच. कमरेखालचे विनोद असतात, कमरेखालचे वार असतात. कमरेखालच्या थंडीची दखल मात्र कुणी घेतलेली नाही.

ज्याला खात्री करायची असेल त्यानं पहाटे पिंपळगावच्या रस्त्याला मोटारसायकलवर चाललेली माणसं बघावीत. वर जाकीट, त्याच्यावर जाकीट, डोकं बांधून फक्त डोळे उघडे. आणि मांड्यांवर खताची रिकामी गोणी. वारं पहिल्यांदा लागतं ते गुडघ्यांना आणि मांड्यांना, पण तिथं आपलं वस्त्रोद्योगाचं सगळं शहाणपण संपतं आणि युरियाच्या बारदानावर येऊन थांबतं. मीही वापरलीय. फिरत्या वाऱ्यात ती फडफडत मागच्या चाकाकडे जाते, तेव्हा थंडी विसरायला होतं.

तर मी ठरवलं, यंदा थंडीतली कामाची पँट घ्यायची. उबदार, बसायला-वाकायला सैल, आणि चिखलाला न लाजणारी. एवढंच.

सुरुवात घरातल्या जीन्सपासून केली. जीन्स ही मुळात कामाचीच पँट. अमेरिकेत रेनो नावाच्या गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. त्याच्याकडे एका लाकूडतोड्याची बायको आली, नवऱ्याला न फाटणारी पँट शिवून द्या म्हणाली. त्यानं खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिबिटी ठोकल्या. पुढे १८७३ साली त्यानं कापडवाल्या लेव्ही स्ट्रॉसबरोबर त्याचं पेटंट घेतलं. आणि इंग्रजीत कामाच्या पँटीला डंगरी म्हणतात तो शब्द तर आपल्या मुंबईच्या डोंगरीचा. तिथलं जाडंभरडं कापड गोऱ्यांच्या जहाजांवरून जगभर गेलं. एवढी ओळख असूनही जीन्सनं मला दगा दिला. बागेतल्या दोन ओळींमध्ये गवत असतं, गवतावर दहिवर असतं. दहा पावलं चाललं की जीन्स गुडघ्यापर्यंत ओली, आणि ओली जीन्स म्हणजे पायाला गुंडाळलेला पत्रा. सुती कापडातली हवा गेली आणि तिथं पाणी बसलं की संपलं, कारण पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतं. हे मी नंतर वाचलं. गुडघ्यांना आधीच माहीत होतं.

मग नाशिकला गेलो. शरणपूर रस्त्यावर तिबेटी मार्केट आहे. तिथं गरम कपड्यांच्या ढिगात माणूस हरवेल. दुकानातल्या ताईंनी पहिल्या पाच मिनिटांत मला सहा स्वेटर दाखवले. मी म्हटलं, पँट. त्यांनी टोपी दाखवली. मी मांडीवर थाप मारून पुन्हा म्हटलं, पँट, गरम. ‘अच्छा, नीचे का!’ म्हणत त्या हसल्या आणि आतून मऊ केसाळ असलेली एक ट्रॅक पँट काढली. हात घातला तर मांजराच्या पोटात घातल्यासारखं वाटलं. घासाघीस न करता घेतली, यावरून काय ते समजा.

ती पँट आठ दिवस टिकली. पहिल्या दिवशी बांधावरून येताना तिला इतकी कुसळं आणि आघाड्याचं बी चिकटलं की संध्याकाळी अर्धा तास मी ओट्यावर बसून पँट निवडत होतो, तांदूळ निवडावेत तशी. तिसऱ्या दिवशी शेकोटीतली एक ठिणगी मांडीवर आली. सुती कापडाला डाग पडला असता, हिला वाटाण्याएवढं भोक पडलं, कडेनं काळं कडक झालेलं. आणि मुख्य घोटाळा इलॅस्टिकचा. एका खिशात मोबाइल, दुसऱ्यात छाटणीची कात्री, मागं सुतळीचं बंडल. ट्रॅक्टरवर चढायला पाय उचलला की पँट जमिनीवरच थांबायचा विचार करायची. फवारणीच्या वेळी एक हात स्टिअरिंगवर, एक कमरेवर. ब्लोअरचा कॉक फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा?

मित्र म्हणाला, थर्मल घे, आतून घाल. घेतलं. पहाटे चारला सुख काय असतं ते मला त्या दिवशी समजलं. पण आमची थंडी काही काश्मीरची नव्हे. पहाटे ६ अंश आणि दुपारी २८ अंश, एकाच दिवसात. सकाळचे नऊ वाजले की थर्मल चावायला लागतं, दहाला माणूस आतून उकडतो. आणि वरचं जाकीट कसं काढून बांधावर फेकता येतं, तसं हे नाही.

एकदा असह्य झालं. बागेत आत, बाराव्या ओळीत कुणी दिसत नाही असं बघून बूट काढले, पँट काढली, थर्मलचा एक पाय सोडवला. दुसरा घोट्यात अडकला. मी एका पायावर, हातानं तारेला धरून, आणि मांडवाच्या पलीकडून पेठ-सुरगाण्याकडच्या मजूर बायांचं टोळकं विरळणीला आत शिरलं. पुढं असलेल्या मावशींनी पदर तोंडाला लावला आणि मागच्यांना हाताने थांबवलं. ‘चला गं, ही ओळ भाऊंची हाय,’ म्हणाल्या. दिवसभर त्या बाजूनं मधूनच हसण्याची एक लाट यायची.

पण त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. त्या बायांच्या साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट असतो, हे तर रोजचंच. साडी जरा वर खोचलेली होती आणि खाली कुणाच्या लेगिन्स, कुणाची शाळेच्या खेळाच्या तासाची ट्रॅक पँट, एकीची तर पट्टीवर कुठल्या तरी संघाचं नाव असलेली. कुणीही बाजारात पँट शोधायला गेलेलं नव्हतं. जे मापाला येतं ते आत घातलं होतं. ऊन चढलं की आंब्याखाली जाऊन दोन मिनिटांत काढून पिशवीत. साडीचा आडोसा अंगावरच.

संध्याकाळी आईला हे सांगितलं, मावशींचा भाग गाळून. आई पंचाहत्तरीची आहे. ती म्हणाली, ‘आम्ही नऊवारीत होतो तवर मांड्यांना थंडी लागल्याचं आठवत नाही. कास्टा घातला की पायाभोवती चार पदर कापडाचे. पाचवारी आली अन् खालून वारं शिरायला लागलं.’ मग जरा थांबून, ‘तुझ्या आज्याचं धोतर तरी काय कमी होतं? आणि वरून घोंगडी. उकिडवं बसला की नखसुद्धा दिसायचं नाही.’

मी हे रात्रभर घोळवत राहिलो. खरंय. ऊब कापडाची नसतेच, कापडाच्या दोन पदरांमध्ये कोंडलेल्या हवेची असते. धोतरात अशी हवा ठायी ठायी होती. मग आपण पँटी शिवल्या, मापात, अंगासरशी. साहेबाच्या पँटीचा आकार घेतला. साहेब ती लोकरीची शिवायचा, तेवढं आपल्याकडं राहून गेलं.

लोकरीचं कापड आपल्याकडे नाही असं मात्र नाही. ठाण्यात रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ सालीच निघाली. जिथं स्वेटर घातला की घाम फुटतो त्या ठाण्यात लोकर विणली गेली, आणि ते सुटिंग शेवटी जाऊन बसलं नवरदेवाच्या अंगावर, तेही बहुतेक मे महिन्यात. उरलेलं आहेरात गेलं. आमच्या लोखंडी पेटीतही होतं, कुठल्या तरी लग्नात आलेलं, डांबराच्या गोळ्यांत पंधरा वर्षं पडलेलं सूटचं कापड. करड्या रंगाचं, सव्वातीन मीटर. सूट शिवायचा प्रसंग माझ्या आयुष्यात आला नाही आणि दुसऱ्याला आहेर करायचं धाडस बायकोला झालं नाही, कारण ते मूळ कुणाकडून आलं ते कुणालाच आठवत नव्हतं.

कडेचे दोन धागे ओढून गॅसवर धरले. केस जळल्याचा वास आला म्हणजे लोकर. चिमटीत राखही झाली, पण तिच्यात मोहरीएवढा एक टणक मणीही लागला. म्हणजे मिसळीचं. म्हटलं, चालेल, आपण तरी कुठं निर्भेळ आहोत.

टेलरकडं गेलो. त्यानं कापड दोन बोटांत चोळलं आणि विचारलं, ‘भाऊ, लग्न कुणाचं?’

‘लग्न नाही. मळ्यात घालायचीय.’

त्यानं टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. चाळीस वर्षांत असं कुणी मागितलं नसावं. ‘सुटाच्या कापडाची? मळ्यात?’

मी एकेक सांगत गेलो. मांडीत सैल, दोन चुण्या. आसन खोल ठेवा, खाली बसलं की ओढलं जायला नको. मागून कंबर दोन बोटं वर, वाकलं की पाठ उघडी पडते. बॉटम बारीक, गमबुटात गेला पाहिजे. आत गुडघ्यापर्यंत फलालीनचं अस्तर. खिसे खोल आणि दुहेरी कापडाचे, कात्रीचं टोक बाहेर येतं. पट्ट्याच्या लुप्या मजबूत. तो लिहीत होता आणि मधूनमधून चष्म्यावरून बघत होता. शेवटी म्हणाला, ‘हे तर आमचे वडील शिवायचे तसं झालं. एकात दोन होतील बघा एवढ्या कापडात.’ म्हटलं, एकच शिवा, जमली तर बघू.

जमली. पहिल्या पहाटे बोअरच्या खोलीत शिरेपर्यंत मला पाय आहेत हेच विसरायला झालं होतं, आणि पायांचं चांगलं चाललं असलं की असंच होतं. दहिवरानं खालून ओली झाली तरी जीन्ससारखी अंगाला थापली नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पिऊनही हाताला ओली लागत नाही. मिसळीच्या कापडानं निम्मी तरी अब्रू राखली. ठिणगी पडली, ती चुरचुरून विझली. आता खोट सांगायची तर ओली झाल्यावर घोंगडीसारखा वास येतो, आणि बारानंतर पोटऱ्यांना खाज सुटते. पण बारानंतर मी ती काढतो. घरी येऊन, दार लावून.

पंधरा दिवस झाले असतील. परवा पहाटे खुंटीला हात घातला तर पँट नव्हती. दोरीवर नाही, पलंगाखाली नाही. बॅटरी घेऊन बाहेर आलो. गोठ्यात दिवा होता. बायको गाईखाली बसून धार काढत होती. अंगावर माझा जुना शर्ट, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली आणि खाली करड्या रंगाचे दोन पाय, घोट्याशी दोनदा दुमडलेले.

मी बघत उभा राहिलो. तिनं मान वळवली नाही.

‘अहो, टेलरकडं कापड उरलंय ना?’

‘उरलंय.’

‘मग तुम्हाला दुसरी शिवून घ्या. ही सैल आहे, मला बरी बसते.’ चरवीतल्या धारेचा आवाज जरा वेळ थांबला. ‘बाईचं म्हणून त्यानं कधी खिसे दिलेत का कशाला? हिला तीन आहेत.’

मी जीन्स चढवली आणि खताची गोणी शोधायला पडवीत गेलो.