वाजवतंय कोण?

डिसेंबर उजाडला की शाळांकडून मला एकाच तऱ्हेच्या पुस्तकांची मागणी येते. "ताई, स्टेजवरच्या गोष्टी आणा ना. पोरं फार बुजतात." गॅदरिंग तोंडावर आलेलं असतं, नाच बसवायचे असतात, आणि बाईंना वाटतं की एखाद्या चांगल्या पुस्तकानं मुलांची भीड चेपेल. मी एका छोट्या संस्थेच्या फिरत्या वाचनालयाचं काम करते. पुण्याच्या पूर्व भागातल्या महापालिकेच्या शाळांत पुस्तकांची पेटी घेऊन जायचं, मुलांना एक पुस्तक वाचून दाखवायचं, मग पुस्तकं घरी नेऊ द्यायची आणि वहीत नोंद करायची, हा माझा दिवस.

स्टेजवरच्या चित्रपुस्तकांची वाट बहुतेक वेळा ठरलेली असते. १९९९ साली आलेलं 'जिराफ्स कान्ट डान्स' घ्या. जंगलातल्या नाचाला गेलेल्या जेराल्ड जिराफाला सगळे हसतात, तो खाली मान घालून निघून जातो, एक रातकिडा त्याची समजूत घालतो की तुझं संगीत वेगळं असेल, आणि मग तो असा नाचतो की हसणारेच बघत राहतात. मुलांना हे पुस्तक मनापासून आवडतं, मलाही आवडतं. पण अशी पुस्तकं ओळीनं वाचली की एक गोष्ट खुपायला लागते. भीती कायम नवख्यालाच वाटते, आणि तिच्यावरचा उतारा म्हणजे शेवटच्या पानावरच्या टाळ्या. ज्या मुलाला मागच्या रांगेत झाड म्हणून उभं केलंय त्याच्या वाट्याला त्या टाळ्या येणार नसतात, आणि त्याला ते पक्कं ठाऊक असतं. १९९१ चं 'अमेझिंग ग्रेस' थोडं वेगळं आहे. ग्रेसला शाळेच्या नाटकात पीटर पॅन व्हायचंय आणि वर्गातली मुलं म्हणतात, तू मुलगी आहेस, शिवाय काळी आहेस, तुला कसं जमेल? हे पुस्तक मी मुलांच्या आधी शिक्षकांना वाचायला देते. भूमिका वाटून देणारे तेच असतात.

त्या बुधवारी मात्र मी माझं सगळ्यात लाडकं पुस्तक काढलं. एमिली अर्नोल्ड मकली यांचं 'मिरेट ऑन द हाय वायर'. १९९२ चं हे पुस्तक, चित्रांसाठी १९९३ चं कॅल्डेकॉट पदक मिळालेलं. माझी प्रत रद्दीच्या दुकानातून आलेली आहे आणि तिच्या प्रत्येक पानावर मी मराठी मजकुराच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधली. मिरेटची आई नाटकवाल्यांना, कसरतवाल्यांना खोल्या भाड्यानं देते, त्यांच्या जेवणाखाण्याचं बघते. मिरेट चादरी धुते, बटाटे सोलते, फरशी पुसते. तिथं बेलिनी नावाचा एक अबोल पाहुणा उतरतो, आणि एक दिवस मिरेटला तो मागच्या अंगणात तारेवर चालताना दिसतो. ती शिकव म्हणून मागे लागते, तो नाही म्हणतो, तर ती एकटीच शिकायला लागते. पुढे कळतं की हा एकेकाळचा नावाजलेला तारचालक आहे, नायगाऱ्यावरून चाललेला, आणि आता त्याच्या मनात भीती बसली आहे. हे पुस्तक मला इतकं जवळचं वाटतं ते यासाठीच. इथं घाबरलेला आहे तो उस्ताद.

चौथीचा वर्ग होता. सतरंजीवर अर्धवर्तुळात बसवलं सगळ्यांना. मुखपृष्ठ वर करताच तीन-चार आवाज एकदम आले, "डोंबाऱ्याचा खेळ!" पुण्यातल्या मुलांना हे सांगावं लागत नाही. सिग्नलजवळ, बाजाराच्या दिवशी, जत्रेत त्यांनी तो पाहिलेला असतो. दोन्हीकडे बांबूच्या कैच्या, मध्ये ताणलेली दोरी, डोक्यावर कळशांची उतरंड घेतलेली मुलगी, हातात आडवा बांबू. एकानं उठून चालून दाखवलं, बाकीचे हसले. मी म्हटलं, अगदी बरोबर, तोच खेळ, फक्त हा फार लांबच्या गावातला आहे.

खिडकीशी बसलेली एक मुलगी हसली नाही. वर्गात ती त्या वर्षीच आली होती. बाईंनी आधीच मला सांगून ठेवलं होतं, "ती नाचात नाही, गाण्यात नाही, कशातच नाही. फार लाजाळू आहे. तिच्याकडे जरा लक्ष द्या." पुस्तक संपेपर्यंत तिची नजर पानावरून हलली नाही, एवढं मी पाहिलं होतं.

वाचताना नायगाऱ्याचं पान आलं की हमखास प्रश्न येतो. बेलिनीनं तारेवर मध्येच थांबून ऑम्लेट केलं होतं असं गोष्टीत आहे. "ताई, खरंच?" मग मी ब्लोंदँची हकिकत सांगते. हा खराखुरा माणूस. ३० जून १८५९ रोजी तो नायगाऱ्याच्या घळीवर बांधलेल्या दोरावरून पलीकडे गेला, त्याच उन्हाळ्यात परत परत गेला, एकदा तर आपल्या व्यवस्थापकाला पाठुंगळी घेऊन. आणि हो, दोरावर चूल नेऊन ऑम्लेटही केलं. "अंडी फुटली नाहीत?" असं कोणीतरी विचारतंच. त्या दिवशीही विचारलं.

मग ते पान आलं. बेलिनीनं ठरवलंय की पुन्हा लोकांसमोर उभं राहायचं. रात्रीची वेळ आहे, तार उंच छपरांवरून ताणलेली आहे, खाली गर्दी आहे. तो तारेवर पाऊल टाकतो आणि थिजतो. इथं मी नेहमी थांबते, पुस्तक खांद्याच्या उंचीला तसंच धरून ठेवते आणि पान उलटत नाही. मुलांना स्वतःहून बोलायला तेवढा वेळ लागतो.

"त्यानं खाली बघितलं असणार," एक जण म्हणाला.

"वारा आला असेल."

"म्हातारा झालाय तो."

खिडकीकडून आवाज आला, "ताई, वाजवतंय कोण?"

मला आधी कळलंच नाही. "काय वाजवतंय?"

"ढोलकी. ढोलकी कुठंय?" ती गुडघ्यांवर उठून पुढं आली आणि बोट न लावता चित्राच्या खालच्या भागावर बोट फिरवलं. "हितं कोणच वाजवत नाहीये. म्हणून थांबला तो."

सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. ती मागे हटली नाही. तिनं समजावलं, आणि ज्या सुरात समजावलं तो कामाचं बोलणाऱ्या माणसाचा सूर होता. वर चालणाऱ्यानं खाली बघायचं नसतं. मग खाली आपला माणूस उभा आहे हे त्याला कसं कळणार? ढोलकी चालू आहे म्हणजे बाप खाली आहे. ढोलकी जलद झाली म्हणजे कैची जवळ आली. ढोलकी थांबली की पाय थांबतात. लोक टाळ्या वाजवतात त्याचा काही उपयोग नाही, उलट त्यात ढोलकी ऐकू येत नाही.

हे पुस्तक मी कित्येक वर्गांत वाचलंय. बेलिनी का थांबला याची मुलांनी दिलेली उत्तरं मला पाठ आहेत. हे उत्तर कोणी दिलं नव्हतं, आणि मोठ्या माणसांच्या लिहिण्यातही मी ते कधी वाचलेलं नाही. बघणाऱ्यांचा आवाज आणि साथीचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नऊ वर्षांच्या मुलीनं एका वाक्यात सांगितलं. नाटकातली, तमाशातली, कीर्तनातली माणसं हे लगेच मान्य करतील. टाळकऱ्यानं पाठ फिरवली तर बुवांचं काय होतं ते आपण पाहिलेलं असतं.

मी विचारलं, "मग आता काय होईल?"

"कोणतरी दुसऱ्या बाजूनं यायला पाहिजे."

मी पान उलटलं. मिरेट जिने चढून छपरावर पोचलेली असते, आणि दुसऱ्या टोकाकडून हात पुढं करून तारेवर बेलिनीकडे चालत येते. वर्गात जो कल्ला झाला तो मी विसरणार नाही. मुलांना वाटलं, हिला गोष्ट आधीच माहीत होती.

वाचनानंतर मी कागद देते. त्या दिवशी सांगितलं, या पुस्तकात नसलेलं एक पान काढा. बहुतेकांनी तारेवर स्वतःला काढलं, खाली शाळा, वर सूर्य. एकानं सरळ ऑम्लेटच काढलं. तिच्या कागदावर ना माणूस होता ना गर्दी. कागदाच्या खालच्या कडेपासून एक रेघ वर गेलेली, आणि वर, जिथं ती रेघ संपते तिथं, दोन बांबू एकमेकांवर आडवे आणि त्यांना बांधलेली गाठ. गाठ फार बारकाईनं काढली होती. दोरीचे वेढे, त्यांची दिशा, उरलेलं टोक कुठून खाली आलंय, सगळं.

"हे काय गं?"

"वरनं एवढंच दिसतं."

पुस्तकात बेलिनी मिरेटला सांगतो की फक्त तारेचा आणि पलीकडच्या टोकाचा विचार कर. त्या वाक्यावर तिनं मान हलवली होती, ते मला आता आठवलं. रंगमंचाची चित्रं प्रेक्षकांच्या बाजूनं काढलेली असतात, फार तर विंगेतून. सादर करणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसतं, ते तिनं काढलं होतं.

मी तिला काही विचारलं नाही. तीच हळू आवाजात म्हणाली, "आत्या चालायची. मी बारकी दोरी. आता आमी खेळ करत नाही." आणि थोड्या वेळानं, "आई म्हणती शाळेत सांगायचं नाही."

वर्गानं मात्र एव्हाना ताडलं होतं. ज्यानं सुरुवातीला नक्कल केली होती तो पोरगा तिच्या कागदाशी येऊन बसला आणि विचारू लागला की हातातला बांबू मधोमध धरायचा का. ती म्हणाली, "मधोमध, पण टोकं वाकली पायजेत. ताठ बांबूचा उपयोग नाही." मी पेटीतून मॉर्डिकाय गर्स्टाईनचं एक पुस्तक काढून दिलं, न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमधून १९७४ साली चालत गेलेल्या फिलीप पेटीचं. त्यात पानं उलगडून मोठी होतात, आणि फिलीपच्या हातात लांबलचक काठी आहे. काठी जितकी लांब तितका तोल हळू ढळतो आणि सावरायला वेळ मिळतो, टोकं खाली झुकली की भार खाली येतो. विज्ञानाच्या तासाला हे शिकायला अजून काही वर्षं आहेत. तिथं सतरंजीवर ते सगळ्यांना समजलं होतं.

तास संपल्यावर बाईंना कळलं आणि त्या हरखून गेल्या. "अहो, मग हिला गॅदरिंगला तेच करायला लावू! खाली गादी टाकू, दोरी बुटकी बांधू. पालक बघतच राहतील!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. चार महिने एका कोपऱ्यात बसलेल्या मुलीसाठी त्यांना खरंच काहीतरी करायचं होतं. पण मी म्हटलं, नको.

बोलणं बराच वेळ चाललं. मी त्यांना म्हटलं, बाई, बाकीची मुलं हौस म्हणून स्टेजवर जाणार आहेत. हिनं पोटासाठी चालताना पाहिलंय घरच्यांना. ते सोडायला त्या घराला काय काय करावं लागलं असेल. तेच आपण कौतुकानं परत करायला सांगायचं का? बालमजुरीच्या कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालचं मूल अटी पाळून टीव्ही मालिकेत काम करू शकतं, सर्कशीत नाही. टीव्हीवर नाचणाऱ्या मुलाला आपण कलाकार म्हणतो आणि दोरीवरच्या मुलीपुढून काच वर करून गाडी पुढं नेतो. ती नाचात भाग घेत नाही याचं कारण लाज आहे हे आपण धरून चाललो आहोत. तिला लोकांसमोर उभं राहणं म्हणजे काय ते आपल्या दोघींपेक्षा जास्त माहीत आहे, आणि ती नको म्हणते आहे. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. तिला विचारते, तिला काय करायचंय ते." मला तेवढंच हवं होतं.

शाळा सुटताना तिला न्यायला आत्या आली होती. एका पायानं जरा ओढत चालणारी, पण पाठ ताठ. पोरीनं हट्ट धरला की हेच पुस्तक घरी न्यायचं. चिठ्ठ्या चिकटवलेली पुस्तकं मी एरवी देत नाही, ती फाटतात. दिलं. नोंदवहीत सही करण्याआधी आत्यानं उभ्या उभ्या सगळी पानं चाळली. अंगणातल्या पानावर म्हणाली, "तार हाय ही. तारेला ताण लई लागतो." शेवटची पानं तिनं सावकाश बघितली. मला वाटलं, आता ती मिरेटबद्दल काही म्हणेल.

"थाळी कोणी फिरवली?" तिनं विचारलं.

मी सांगितलं की थाळी नव्हती, एक एजंट होता, त्यानं हा खेळ जुळवून आणला होता.

"आधी ठरवून?"

"हो, आधी ठरवून."

"मग बरं," ती म्हणाली आणि सही केली. "खेळ संपला की लोक निघून जातात. आमी थाळी मधीच फिरवायचो, ही वर असताना."