वपति की वपते?

'वपन म्हणजे पेरणं की केस भादरणं?' संस्कृत शिकवते म्हणून हे मला सतत विचारलं जातं, तेही भाषेची लबाडी पकडल्याच्या सुरात. दोन्ही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'कृते योनौ वपतेह बीजम्' म्हणून तयार तासात बी पेरायला सांगितलंय. त्याच मंडलात रान जाळणारा अग्नी न्हाव्याने दाढी करावी तशी भुई भादरतो: 'वप्तेव श्मश्रु वपसि प्र भूम'. व्याकरणकार भट्टोजी दीक्षित 'डुवप् बीजसन्ताने' (बी विखुरणं) याच धातूबद्दल 'अयं छेदनेऽपि', म्हणजे हा कापण्याच्या अर्थीही, असं म्हणतात. मोनियर विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात मात्र धातू दोन.

मी एकच धरून शिकवायचे. बी विखुरतं, कापलेले केसही विखुरतात. मूळ अर्थ विखुरणं.

मग एकदा वर्गात पदं समजावत होते. वप् उभयपदी, म्हणजे वपति आणि वपते अशी दोन्ही रूपं होणारा. क्रियेचं फळ कर्त्याला मिळणार असेल तर आत्मनेपद (वपते), नाहीतर परस्मैपद (वपति). तैत्तिरीय संहितेतला दीक्षा घेणारा यजमान 'केशश्मश्रु वपते', कारण फळ त्याचं. न्हावी दुसऱ्याचे केस 'वपति'.

मागच्या बाकावरच्या एका वयस्क बाईंनी विचारलं, "नवरा गेल्यावर माझ्या आजीचं केशवपन केलं होतं. तिथे काय?"

"न्हावी कर्ता. वपति."

"आणि फळ कुणाला?"

मी म्हटलं, फळ चांगलं की वाईट, ते व्याकरण बघत नाही.

"चांगलं-वाईट मी विचारलंच नाही. मिळालं कुणाला?"

मी कर्मणीकडे वळले. केशाः उप्यन्ते, केस कापले जातात.

"म्हणजे कोणी कापले ते सांगायलाच नको," त्या म्हणाल्या आणि तेवढं वहीत उतरवून घेतलं.

व्याकरणाची बाजू मी आजही घेईन. पाणिनीच्या सूत्राने कुणाच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला नाही. फिरवणारी माणसं घरातली होती. पण विखुरण्याची ती व्युत्पत्ती आता माझ्याच्याने सांगवत नाही. खोटी ठरली म्हणून नव्हे. 'उप्त' म्हणजे पेरलेलं आणि 'उप्त' म्हणजेच कापलेलं, हे एका दमात म्हणताना त्या आजी समोर येतात. दोन धातू मानले की सुटते मी. पण मला सुटायचंय म्हणून धातू दोन होत नाहीत, हेही मीच मुलांना सांगत आले आहे.

उभयपदी धातू पुन्हा शिकवायचे आहेत. सगळे घेतात तसा पच् (शिजवणं) घ्यावा की वप्च ठेवावा, ते अजून ठरत नाही.