पट्टीखालची फट

आंबे उतरायला लागले की मुलांना सुटी लागते, आणि शिबिरांची पत्रकंही घरात येऊ लागतात. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ करून मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचेल, असं सांगणारं पत्रक हाती आलं तर फी भरण्याआधी पडवीत अर्धा तास काढा.

मध्यमेंदू, म्हणजे पत्रकातला ‘मिडब्रेन’, हा मेंदूच्या देठाचा जेमतेम 2 सेंटिमीटर लांबीचा वरचा भाग. नजर वळवणं, उजेडात डोळ्यातली बाहुली लहान करणं ही त्याची कामं. तिन्हीसांजेला मुलाच्या डोळ्यावर बाजूने क्षणभर साधी बॅटरी मारा. बाहुली आकसली? मध्यमेंदू कामावर आहे. त्याला जागं करायला शिबिर कशाला?

मग पट्टी बांधून मुलं वाचतात कशी? नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी गालाला टेकत नाही. त्या फटीतून खाली धरलेलं पुस्तक दिसतं. म्हणून पट्टी बांधून वाचणाऱ्या मुलाची परीक्षा घ्यायची ती अशी: खेळण्यातला पत्ता मुलाच्या कपाळाच्या वर धरायचा. धरणाऱ्याने तो पाहायचा नाही. उत्तरं लिहिणाऱ्याने मुलाच्या मागे गप्प उभं राहायचं, नाहीतर सूर किंवा चेहरा रंग सांगून टाकतो. मुलाने पत्त्याला हात लावायचा नाही. दर वेळी कॅट पिसायचा, एक पत्ता काढायचा, लाल की काळा एवढंच विचारायचं. असं 20 वेळा. नुसत्या अंदाजाने 10 च्या आसपास बरोबर येतात. 15 किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात दोनच. अटी आधी कागदावर लिहून शिबिरवाल्यांची सही घ्या, म्हणजे नंतर ‘आज मन एकाग्र नव्हतं’ ही सबब उरत नाही. आणि मुलाला लबाड म्हणू नका. मोठ्यांना खूश करायचीच त्याची धडपड असते.

शिकलेली माणसंही फसतात ती ‘मेंदू’ या शब्दाला. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं, की मानसशास्त्रातल्या कच्च्या स्पष्टीकरणात मेंदूचा असंबद्ध उल्लेख घातला तर ते सामान्य वाचकांना आणि विद्यार्थ्यांनाही जास्त पटतं. तज्ज्ञांना मात्र पटलं नाही.

मेंदूविज्ञानाने आकलनाच्या मानसशास्त्राला खरंच पुढे नेलं ते वेगळ्या रीतीने. 1953 मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा दोन्ही बाजूंचा बराच अंश काढला गेला, आणि नव्या घटना लक्षात राहणं थांबलं. एवढ्यावरून ‘स्मृतीची जागा सापडली’ म्हणून मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर थांबल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल दिली, आरशात बघून चांदणी गिरवायला सांगितली आणि चुका मोजल्या. तीन दिवसांत चुका कमी होत गेल्या, म्हणजे हाताला सराव लक्षात राहत होता. हे आपण आधी केलंय, हे मात्र हेन्रींना दर वेळी नवंच असायचं.